भट्टीचं घर विकताना

आप्पा,

दौंडचं घर विकायला काढलंय. हे तुम्हाला आधी विचारायला हवं होतं असं म्हणण्यात काही अर्थ नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की इंजिनशेडमधले तुमच्या बरोबरीचे ड्रायव्हरही एकेक करून गेले, आणि जे उरलेत त्यांना मी कुणाची मुलगी हे समजावून सांगावं लागतं. पण आज रविवार आहे, शाळेला सुट्टी आहे, धाकटा जेवून झोपलाय, आणि मला हे कुणाला तरी सांगायचंय. शिरूरमध्ये सांगायला माणसं नाहीत असं नाही. पण ज्याला सांगावं तो लगेच सल्ला द्यायला बसतो. तुम्ही सल्ला देणार नाही, तेवढा एक फायदा.

धाकट्याचं आधी सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. तुमचा मुलगा आता चाळिशीला आला. केस पांढरे झालेत, पण फिट काही सुटली नाही. महिनाभर येत नाही, मग एका आठवड्यात दोनदा येते. कन्याशाळेच्या मागची ही खोली शाळेनं मला दिली ती नोकरी आहे तोवर. या उन्हाळ्यात मी निवृत्त होतेय आणि खोली नव्या बाईंना द्यायची आहे. गेलं वर्षभर मी शिरूरमध्ये भाड्यानं जागा शोधतेय. बाईंना जागा द्यायला सगळे तयार असतात, निम्म्या घरांतल्या मुली माझ्या हाताखालून गेल्यात. मग धाकटा दिसतो. कापडबाजारामागच्या एका घरमालकिणीनं तर चहा पाजला, पाट मांडला आणि मग म्हणाली, "बाई, तुमास्नी न्हाई म्हनवत न्हाई बघा. पर आमच्या घरात ल्हान पोरं हायती. रातीचं असलं काय बघितलं तर पोरं दचकत्याल." मला तिचा रागसुद्धा आला नाही. ती खरंच बोलत होती. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीसुद्धा दचकले होते, आणि मी तर त्याची बहीण.

तेव्हा भाड्याची जागा मिळणार नाही हे आता मला कळून चुकलंय. माझ्यामागं त्याला जिथून कुणी हाकलणार नाही असं छप्पर पाहिजे, म्हणजे आपल्या मालकीचं पाहिजे. नदीकडच्या आळीत एका म्हाताऱ्याच्या दोन खोल्या आहेत, पुढं छोटं अंगण. तो मुलाकडे पुण्याला निघालाय आणि माझ्यासाठी अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबतो म्हणालाय. त्या खोल्या घ्यायच्या तर माझ्याजवळ दौंडच्या घराशिवाय विकण्यासारखं काही नाही.

मग दौंडलाच का नाही जात राहायला, असं जो तो विचारतो. तुमचंच घर आहे, म्हणतात. घर तुमचं खरं, पण तुम्ही तरी त्यात कुठं राहिलात? नोकरीभर रेल्वेच्या क्वार्टरमध्ये काढलीत आणि रिटायर झाल्यावर माझ्याकडे शिरूरला आलात. स्वतः घेतलेल्या घरात तुम्ही एक रात्रसुद्धा झोपला नाहीत. त्यात झोपले ते पाववाले चाचा, त्यांची बायको, त्यांची मुलं आणि आता नातवंडं. पुढच्या खणात पावाचं दुकान, मधल्यात माणसं, आणि मागं सगळी जागा व्यापून ती भट्टी. भट्टीचं तोंड मधल्या खोलीच्या दारासमोर येतं. तिथं मी धाकट्याला कसा ठेवू? उभ्याउभ्या पडणारा माणूस तो.

ती भट्टी बांधली तेव्हा मी दिवाळीच्या सुट्टीत आले होते. लढाई चालू होती, तुम्ही दिवसच्या दिवस मनमाडकडे गाड्या घेऊन जायचात आणि डोळे लाल करून परत यायचात. आल्यावर झोपायचं सोडून भट्टीकडे धावायचात. आईचा नुसता संताप. इंजिनाच्या भट्टीतल्या कमानीच्या जुन्या विटा शेडच्या मागं टाकलेल्या असायच्या, त्या तुम्ही साहेबाला विचारून टोपलीनं आणवल्यात. चाचा तेव्हा तरणेबांड होते, मिशीला पीळ, आणि बोलणं असं की जणू दौंडातला प्रत्येक गोरा गार्ड यांच्याच पावावर वाढलाय. घुमट चढवताना चाचा घाई करतायत आणि तुम्ही उकिडवे बसून ओरडताय, "आरं, दमानं! पयल्या दिशी निस्ता धूर पायजे. जाळ लगीच घातलास तर तडकंल." मग तुम्ही दोघं भट्टीत डोकं घालून बघताय, आणि बाहेर आलात की दोघांचीही तोंडं काळी. मी हसतेय. आई म्हणतेय, इंजिन कमी पडलं की काय यांना.

भट्टीच्या आधीचा एक दिवस मात्र मला आता पुन्हापुन्हा आठवावा लागतोय, कारण वकील तोच विचारतायत. चाचा पहिल्यांदा क्वार्टरवर आले तो दिवस. टोपी हातात, पायरीवर उभे. म्हणाले, "डायवरसायेब, जागा पसंत हाय. भाडं काय घ्याल त्ये सांगा." तुम्ही जेवत होतात. पाटावरूनच म्हणालात, "आधी पाव तर खाऊ दे तुजा, मंग बघू." सगळे हसले. आई हसली, चाचा हसले, मीही हसले. आणि पुढं ते बघायचं राहून गेलं. आप्पा, तुमच्या त्या एका थट्टेपायी आज मी शिरूरच्या कोर्टाच्या आवारात चपला झिजवतेय. तुमच्यावर रागावून आता काय उपयोग म्हणा, पण मी रागावले आहे.

पाव मात्र येत राहिला. ड्यूटीला निघायच्या आधी फडक्यात बांधलेला गरम पाव चाचा स्वतः आणून द्यायचे, सणाला नानकटाई. तुम्ही शिरूरला आलात तेव्हापासून एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती पत्र्याचा डबा येऊ लागला, वर फडकं बांधलेलं, आत खारी आणि टोस्ट. तुम्ही गेलात तरी डबा थांबला नाही. महिन्याच्या सुरुवातीला येतो, रिकामा मी परत पाठवते. टोस्टांत दोनचार करपलेले हमखास असतात, ते खालच्या थरात घालतात. चाचांची ही जुनी लबाडी तुम्हाला ठाऊकच आहे. धाकट्याला करपलेलेच आवडतात, म्हणून मी कधी बोलले नाही.

घर विकायचं तर कसं विकायचं, हे विचारायला मी वकिलांकडे गेले. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून त्यांनी नीट वेळ दिला. म्हणाले, माणसासकट विकलं तर घराला किंमत नाही, कारण भाडेकरूला कायद्याचं संरक्षण आहे, घेणाऱ्याला तो पिढ्यान्‌पिढ्या काढता येणार नाही. रिकामं करून विकलं तर स्टेशनजवळची जागा आहे, लोक रांग लावतील. मी म्हटलं, तिसरं काही? म्हणाले, भाडेकरूलाच विका. ते मी आधीच विचारून बसले होते. चाचांच्या थोरल्याला दमा आहे, पिठानं वाढतो, आणि स्टेशनात पाव पुरवायचं त्यांचं कंत्राटही आता बाहेरच्याकडे गेलंय. ते घर घेऊ शकत नाहीत. चाचांनी तर प्रश्नसुद्धा हसण्यावारी नेला, म्हणाले, "आमी घिऊन काय करू ताई? हाय की आमचंच."

मग वकिलांनी पावतीबद्दल विचारलं. पावती कधीच नव्हती. घरपट्टी मी भरते, चुना चाचा लावतात. "मग हा माणूस तुम्हाला देतो तरी काय?" मी डब्याचं सांगितलं. वकिलांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बाई, भाडं रोखच पाहिजे असं काही नाही. धान्य देतात, दूध देतात, पावसुद्धा चालेल. हा डबा भाडं म्हणून येत असेल तर तो माणूस भाडेकरू आहे आणि तुम्ही घर विसरा. पण ही नुसती भेट असेल, तर तो तुमच्या मेहेरबानीवर राहतोय. मेहेरबानी काढून घेता येते." चष्मा चढवून म्हणाले, "आता तुम्हीच सांगा, डबा म्हणजे काय?"

मी विचार करून सांगते म्हणाले आणि उठले. तेव्हापासून विचारच करतेय. तुमच्या तोंडचं काही आठवतंय का ते शोधतेय. एक आठवण अशी आहे की आई पावाचं फडकं सोडतेय आणि तुम्ही बूट चढवता चढवता म्हणताय, "आलं बघ आपलं भाडं." म्हणजे भाडं. पण दुसरी आठवण याहून पक्की आहे. माझी एक मैत्रीण क्वार्टरवर आली होती, तिला मी ऐटीत सांगितलं की पलीकडे आमचं घर आहे, त्यात आमचे भाडेकरू राहतात. तुम्ही खाटेवर पडला होतात, मला वाटलं झोपलात. तुम्ही उठून बसलात. "भाडेकरू म्हनायचं न्हाई. शेजारी म्हन. पुन्यांदा ह्यो शब्द माज्या कानावर आला न्हाई पायजे." मैत्रिणीसमोर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तुम्ही मला क्वचितच बोललात, म्हणून ते अजून टोचतं. त्या दिवशी तुम्ही त्यांना मान दिलात असं मला वाटलं होतं. वकिलांच्या हिशेबी तुम्ही त्यांचं होतं नव्हतं ते संरक्षण काढून घेतलंत.

गेल्या गुरुवारी मी दौंडला गेले. खुटबावकडचे एक बागायतदार घर घ्यायला तयार आहेत, ऊस चांगला आलाय त्यांचा, सोसायटीतही वजन आहे. माणूस वाईट नाही. योगायोगानं तेही त्याच एस.टी.च्या गाडीला होते. स्टँडवरून चालताना मी त्यांना विचारलं, जागेचं काय करणार? म्हणाले, "लॉज बांधायचा इचार हाय. टेशनाला लागून हाय, चालंल." मी म्हटलं, आणि भट्टी? "भट्टीचं काय करायचं, ताई? इटा चांगल्या असत्याल तर इकू." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "एक मातुर हाय. रिकामं करून द्या. मानसासकट घर घिऊन मी काय करू?"

चाचा दुकानात बसले होते. पाठीत वाकलेत, मिशी पांढरी झालीय, पण पीळ आहे. आम्हाला बघून उठले, सुनेला हाका मारल्या, चहा आला, खारी आली. बागायतदारांना त्यांनी गोऱ्या गार्डाची गोष्ट सांगितली, पाव नाही म्हणून तो गाडी सोडायला तयार नव्हता ती. ही गोष्ट दर खेपेला वाढते, आता त्यात गाडी तासभर थांबते. बागायतदार हसत होते आणि हसता हसता डोळ्यांनी भिंती मोजत होते. आत थोरला कणीक मळत होता, त्याचा श्वास बाहेर ऐकू येत होता. भट्टीची धग मधल्या खोलीतून पुढं येत होती. चाचा सांगत होते, ईदेला आणि घरातल्या मयतीलासुद्धा तिच्यात दोन लाकडं ठेवलेली असतात; एकदा पार गार पडली तर घुमट सुटेल. "तुमच्या आप्पांनी सांगिटल्यालं, कवा बी गार पडू दिऊ नगंस. आजून पडू दिली न्हाई."

बोलता बोलता डब्याचा विषय निघाला. भाड्याबद्दल काही शब्द आला आणि चाचांनी कानाला हात लावले. "भाडं? आवं ताई, काय बोलताय! डायवरसायेब म्हंजी आमच्या घरचं मानूस. त्येंच्या घराचं म्या भाडं दिऊ व्हय? भाडं परक्याला देत्यात. डबा पाठवतो त्यो मायेनं, भेट म्हनून." आणि बागायतदारांकडे वळून अभिमानानं म्हणाले, "ह्या घरात भाडं ह्यो शबुदच न्हाई. इचारा कुनालाबी." बागायतदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहिलं. चाचांना वाटलं, त्यांनी परक्या माणसासमोर आपल्या दोन्ही घरांची इभ्रत वाढवली. हक्क वगैरे गोष्टी त्यांच्या डोक्यात नव्हत्याच. निघताना त्यांनी धाकट्यासाठी पुडा बांधून दिला.

परतीच्या एस.टी.त मी सगळा हिशेब पुन्हा मांडून बघितला. माणसासकट विकलं तर नदीकडच्या खोल्यांचं अंगणसुद्धा येणार नाही. नाहीच विकलं तर उन्हाळ्यात मी आणि धाकटा रस्त्यावर. मी आहे तोवर कुणाच्या तरी पडवीत निभावेल. माझ्यानंतर त्याला कुणी पाणी पाजेल याची मला खात्री नाही. रिकामं करून विकलं तर चाचा या वयात, दमेकरी मुलगा आणि पोरंबाळं घेऊन निघणार, आणि भट्टी काही गाडीवर घालून नेता येत नाही. कुणीतरी उघड्यावर येणारच आहे, आप्पा. कोण, एवढंच मला ठरवायचं होतं, आणि मी धाकट्याला सोडू शकत नाही. मला याची लाज वाटते. लाज वाटते म्हणून मी काही थांबणार नाही, हेही मला कळलंय. नोटीस तयार आहे. वकील म्हणतात, आता काही अवघड नाही, त्याच्याच तोंडचं आहे आणि ऐकणारे दोघे आहेत.

चाचांना नोटीस मिळेल तेव्हा ते ती घेऊन कुणाकडे वाचून घ्यायला जातील ते मला ठाऊक आहे. माझ्याकडे. एस.टी.त बसून शिरूरला येतील, कारण इंग्रजी-मराठी कुठलाही सरकारी कागद आला की आजवर तो मीच वाचून दाखवत आले. दारात टोपी काढून उभे राहतील. मी काय करेन ते मला अजून सुचलेलं नाही. धाकटा त्यांना बघून टाळ्या वाजवेल.

हे लिहिलेलं कुणाच्या हाती लागून चालणार नाही. संध्याकाळी भात टाकताना चुलीत घालीन. तुमच्यापर्यंत असंही काही पोचत नाही. जळणारच आहे, तर एक गोष्ट दुरुस्त करून ठेवते.

बागायतदार योगायोगानं त्या गाडीला नव्हते. मी निरोप पाठवून त्यांना बोलावलं होतं. वकिलांनी सांगितलं होतं की हे त्याच्याच तोंडून, तिसऱ्या माणसादेखत आलं पाहिजे. आणि विषय निघाला असं मी वर लिहिलंय, तो निघाला नव्हता. चहा संपत आला तरी कुणी भाड्याचं नाव काढेना, तेव्हा मीच विचारलं. वर्गात घाबरलेल्या मुलीच्या तोंडात उत्तर घालून विचारतात तसं, अगदी गोड आवाजात: "चाचा, आप्पांशी तुमचा भाड्याबिड्याचा व्यवहार नव्हताच ना? आपलं घरच्यासारखंच होतं ना?" ते क्षणभर थांबले होते, आप्पा. मी पाहिलं. भाडं किती म्हणून पायरीवर उभं राहून विचारलेलं त्यांना आठवत असणार. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मला हवं होतं तेच उत्तर दिलं, कारण विचारणारी तुमची मुलगी होती.